लंडनच्या दप्तरात कामठी, कामठीच्या दप्तरात पणजी नाही

आमच्या मामाचा ठाम समज होता, की इंग्रजांनी कोहिनूर नेला तशी आपली वंशावळही नेली असणार. म्हणून लंडनला राहायला आल्यावर युस्टन रोडच्या ब्रिटिश लायब्ररीत जाणं आलंच. इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, सगळी दप्तरं तिथे आहेत. वाचकपत्र फुकट, पण आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल.

नागपूर तिथे भरपूर भेटतं. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्सचा भोसल्यांच्या मुलखावरचा १८२७ चा अहवाल, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारल्यावर राज्य खालसा करण्याचा पत्रव्यवहार. मी मात्र अडकले नागपूरजवळच्या कामठीत. तिथल्या छावणीतल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळ्याच्या नकला इकडे पाठवल्या जात. तान्हं मूल गेलं तरी नाव, वय लिहिलेलं. मावसभावाला फोनवर सांगितलं तर म्हणे, ‘‘तू तिकडं गोऱ्यांचे मुडदे मोजून राहिली का? आपले कागद इथंच हायेत, बाप्पा.’’

खरंच होतं ते. गावपातळीचे कागद नागपूरलाच राहिले. दादा तहसिलीत गेला तेव्हा जातपडताळणीसाठी जुन्या नकला काढणाऱ्यांची ही गर्दी! आपल्याकडे मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची मालकी, १९५१ मध्ये संपली, मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या नावे याची नोंद, तयार झाला. विदर्भातल्या माणसानं तिथून मागे जावं, बंदोबस्ताच्या मिसलीकडे, म्हणजे इंग्रजांनी सारा ठरवताना केलेल्या गावागावाच्या जमीन-नोंदींकडे. मिसलीत पणजोबा निघाले, वल्द (म्हणजे मुलगा) अमुकचा, साकीन (म्हणजे राहणार) तमुक. पणजी निघाली ती थेट अधिकार अभिलेखात, ‘बेवा’, म्हणजे विधवा, म्हणून. नवरा गेला तेव्हा कुठे बाईचं नाव सरकारी कागदावर चढलं. मला याचा राग आला आणि अजून आहे.

आता तिचा जन्म शोधायचाय. त्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. त्यात बापाचं नाव, जात, तारीख मिळते. बाळापुढे बरेचदा नुसतंच ‘मुलगी’. म्हणजे तिच्या बापाचं नाव, माहेरचा मौजा आणि साल, तिन्ही हाताशी हवं. पहिली दोन मावशीला पाठ आहेत. साल विचारलं तर म्हणते, ‘‘दुष्काळात झाली होती.’’ आपल्या भागात दुष्काळ १८९६-९७ लाही पडला आणि १८९९-१९०० लाही. दादाला दोन्ही सालांच्या नकलांसाठी अर्ज द्यायला सांगितलंय.