प्रोस्टेटच्या नोंदीमागची पायपीट

सिंधुदुर्गात कर्करोग नोंदणीचं काम करताना मला सगळ्यात जास्त फिरवलं ते प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगाच्या केसेसनी. या नोंदी दवाखान्यांतून आपसूक येत नाहीत. आपण जायचं, पॅथॉलॉजीची रजिस्टरं चाळायची, केसपेपर काढून घ्यायचे, सी ६१ हा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा कोड टाकायचा. इथवर सोपं.

खरी कसोटी पत्त्यापाशी. त्या भागात किमान एक वर्ष राहिलेला तोच तिथला रहिवासी, असा नियम. मग चाकरमानी कुठला धरायचा? उभी हयात गिरणीत नाहीतर गोदीत गेलेली, निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याला घर. पण तपासायला परळला गेला की केसपेपरवर मुलाचा कांदिवलीचा पत्ता. हा आजार बहुतेक साठीनंतरचा, म्हणजे नेमका गावी परतण्याच्या वयातला. नीट विचारलं नाही तर वेंगुर्ल्याचा माणूस मुंबईच्या आकड्यात जातो. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, देशातली पहिली. तिथे प्रोस्टेटचं प्रमाण दशकानुदशकं वाढत आलंय. माणसं जास्त जगतात, म्हणून नुसती संख्या न बघता वयाचा हिशेब धरून काढलेला दर लाख पुरुषांमागचा दर बघायचा. पीएसए या रक्ततपासणीत लपलेल्या केसेस सापडतात, त्यामुळेही आकडा वाढतो. शिवाय निदान लवकर झालं की, मृत्यू पुढे ढकलला गेला नाही तरी, निदानानंतरची वर्षं जास्त दिसतात.

निदानानंतर पाच वर्षांनी कोण हयात आहे, हे शोधणं सगळ्यात जड. फोन बंद. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत कारण ‘वृद्धापकाळ’. एका घरी आजी म्हणाल्या, “ते गेले रे बाबा, गणपतीच्या आदी.” कंबर दुखते म्हणून ते कित्येक महिने तेल चोळत होते, लघवीचा त्रास घरात कुणाला सांगितलाच नव्हता. दवाखान्यात पोचले तेव्हा रोग हाडांत गेला होता. आजींनी पिशवीतून जपून ठेवलेली फाइल काढली, म्हणून बायोप्सीची तारीख मिळाली. असा एकेक मृत्यू नोंदीतून निसटला की जगण्याचं प्रमाण आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं आणि इथे उपचारांची सोय मागायला हातात काही राहत नाही. मला हे फार लागतं.

मुंबईत केसपेपर काढताना मुलाच्या पत्त्यासोबत गावचा पत्ता, किती वर्षं तिथे राहताय ते आणि वाडीतल्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबरही आवर्जून लिहून घ्यायला सांगा.