तुम्ही विचारलंत म्हणून : पोरं परत कामून येतात?

लग्नाच्या पंगतीत बसलो की दुसरा भात यायच्या आत कुणीतरी विचारतंच. "सर, तुमच्या सेंटरची पोरं पुण्याला कामाला लागतात म्हणं. मग काही महिन्यांनी पुन्हा पारावर कामून दिसतात वो?" विचारणारे कधी सरपंच असतात, कधी माझे साडू, कधी बँकेतले साहेब. परवा केजच्या स्टँडवर रसवंतीवाल्यानं विचारलं आणि उत्तर यायच्या आत ग्लास विसळायला वळला. अंबाजोगाईत कौशल्य प्रशिक्षणाचं सेंटर सांभाळतो त्याला दहा वर्षं होतील. इतकी वर्षं मी "असतात एकेक" म्हणून वेळ मारून नेली. आज बसा, सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, सगळी परत येत नाहीत. जी राहतात ती तुम्हाला पारावर दिसत नाहीत, एवढंच. दुसरी गोष्ट, जी येतात त्यातली बरीच आलेली नसतात, पाठवलेली असतात. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचा थोडा आधार मिळतो. म्हणून ठेकेदार सात महिन्यांतच "ब्रेक" देतो. पोरगं बॅग घेऊन गावी येतं. बापाला खरं सांगायची लाज वाटते म्हणून म्हणतं, "सोडली मी." बाप तेच चावडीवर सांगतो, आणि तिथून ते माझ्या पंगतीत येतं.

आता हिशेब. २०१७-१८च्या सुमाराला आमच्या पोरांना चाकणला साडेबारा हजारांचं ऑफर लेटर मिळायचं. गावात साडेबारा हा आकडा मोठा वाटायचा, आणि आम्हीही तो मोठ्यानंच वाचून दाखवायचो. त्यातून पीएफचे १,५०० जायचे, ईएसआयचे, म्हणजे दवाखान्याच्या विम्याचे २१९, प्रोफेशनल टॅक्सचे २००, कँटीनचे ४५०, बसचे २८०. हातात ९,८५१. पुढं खोलीचा वाटा ११००, मेस २,६००, रिचार्ज-साबण-दाढी धरून ६००. गाठीला राहिले साडेपाच हजार, तेही महिन्यात एक खाडा पडला नाही तर. पीएफ ही बचतच आहे हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलंय. पण ज्याच्या घरी सावकाराचं व्याज महिन्याला मोजावं लागतं, त्याला पंचावन्नाव्या वर्षाची बचत सांगताना माझाच आवाज बारीक होतो.

इथंच काम का देत नाही, असंही विचारता. कुठून देऊ? संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा एमआयडीसी आम्हाला दोनशे किलोमीटर. जालन्याच्या स्टील मिलमध्ये भट्टीपुढं उभं राहायला आमची पोरं तयार होत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. बीडला रेल्वे आली तीसुद्धा २०२५च्या मुक्तिसंग्राम दिनाला. कारखाने यायचे तेव्हा येतील. तोवर आमचं प्लेसमेंट म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स.

आधी मी असं बोलत नव्हतो, हेही कबूल करतो. २०१६ साली एका रोजगार मेळाव्यात माइक हातात आला तेव्हा मी म्हणालो होतो, "मराठवाड्याच्या पोरांत हुशारी आहे, चिकाटी नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी मांडवात बसलेल्या पोरांतल्या निम्म्यांनी लहानपणी पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत काढलेले होते, आणि चिकाटी त्यांना मी शिकवत होतो.

पण लगेच माझी बाजू घेऊ नका. गेल्या वर्षी एक पोरगं आठव्या दिवशी परत आलं. कारण काय, तर मेसमध्ये भाकरी नाही, रोज भात. मी त्याला वर्गासमोर नको ते बोललो. २०१६चा मी अजून मेलेला नाही. महिन्यातून एकदा तरी तो माझ्या तोंडानं बोलतो, आणि एखाद्या वेळी त्याचं बरोबरही असतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

धारूर तालुक्यातला एक पोरगा होता. आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला, घरी हा, धाकटा भाऊ आणि आजी. बारावी नापास. आमच्याकडं निवासी बॅच केली, तीन महिन्यांत एकदाही हजेरी चुकली नाही. बायोमेट्रिकला अंगठा लागायचा नाही, सोयाबीनच्या काढणीनं बोटं घासलेली. म्हणून रोज रांगेत शेवटी थांबून चार-चार वेळा अंगठा पुसून लावायचा. २०१७च्या डिसेंबरात चाकणला लागला. प्रेस शॉपमध्ये हेल्पर, ठेकेदारामार्फत.

इथं आमचा हिशेब माहीत पाहिजे. आमचं सेंटर चालतं ती दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ची, खेड्यातल्या गरीब घरच्या १५ ते ३५ वयाच्या पोरापोरींसाठी. शिकवलेल्या शंभरातली सत्तर कामाला लागली पाहिजेत. लागली म्हणजे तीन महिने टिकली पाहिजेत. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेच्या नोंदी, सगळं फायलीत. ते जुळलं तर सेंटरचा पुढचा हप्ता. हप्ता आला तर माझ्या अकरा माणसांचे पगार, स्वयंपाकाच्या मावशींसकट. नव्वद दिवस हा आकडा आमच्याकडं देव्हाऱ्यातल्या देवासारखा आहे, रोज त्याला हात जोडूनच दिवस सुरू होतो.

एकाहत्तराव्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन आला. तुमचं पोरगं तीन दिवस कामावर नाही, उद्या आलं नाही तर नाव कमी करतो. मी फोनची यादी बघितली. त्या आठवड्यात त्या पोराचे मला चार मिस्ड कॉल होते. मी उचलले नव्हते. त्या दिवसांत चाकणहून फोन म्हणजे रडगाणं, आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीची तयारी चाललेली. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघालो. घरात म्हणालो, "परत आणायला नाही, परत बसवायला चाललोय."

पहाटे शिक्रापूरला उतरलो, तिथून वडाप जीपनं चाकण, मग खराबवाडीत विचारत विचारत गेलो. पत्र्याची खोली, दहा बाय बाराची. नऊ पोरं, पाच गाद्या. रात्रपाळीची चौघं नुकती आली होती आणि दिवसपाळीच्या पोरांनी सोडलेल्या गाद्यांवर तशीच आडवी होत होती. एक जण मला म्हणाला, "सर, आमची गादी थंडीतबी गार पडत नाही." त्यानं गमतीनंच सांगितलं होतं.

आमचा पोरगा कोपऱ्यात बसला होता. मला बघून उठायला गेला आणि भिंतीला हात लावला. दोन्ही टाचा सोललेल्या. उजवीचा सूज चढून रंग बदललेला, त्यावर हळद भरलेली. शेजारी सेफ्टी शूज पडले होते. उचलून बघितले तर नऊ नंबर. त्याचा पाय सातचा. पुढं बोटांच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, घामानं भिजून वाळून लगदा झालेले. पहिल्या पगारातून बुटांचे ९०० कापून घेतले होते.

"सुपरवायझरला सांगितलं नाही का?"

"पहिल्या आठवड्यात सांगितलं, सर. म्हणले साइज नाही."

"मग पुन्हा सांगायचं."

तो काही बोलला नाही. गादीवरचं पोरगं पडल्या पडल्या म्हणालं, "तुम्हीच शिकवलंय की सर. तक्रार करणाऱ्याला कंपनी ठेवत नाही."

हे वाक्य माझंच. प्रत्येक बॅचला चौथ्या आठवड्यात मी ते सांगतो, मुलाखतीच्या तयारीच्या तासाला. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मीच अनुभवानं काढलेलं, आणि मला ते आवडायचंसुद्धा.

त्याला डॉक्टरकडं नेलं. इंजेक्शन, पट्टी, गोळ्या. मग चाकणच्या बाजारात सात नंबरचे बूट घेतले, साडेसातशेचे, माझ्या खिशातून. हे खिशाचं मी पुढं खूप जणांना सांगितलं. आता सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायची सवय गेलेली नाही. चहा प्यायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "सर, जमंना इथं. मी येऊ का तुमच्यासंगं?"

परत जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहणार होती.

मी म्हणालो, "एकोणीस दिवस काढ."

त्यानं विचारलं नाही, एकोणीसच का. त्याला माहीत होतं. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं आम्ही, नव्वद दिवस टिकेल तोच जिंकेल. सुपरवायझरला मी फोन लावला, हसून बोललो, दोन दिवस आजारपणात धरायला लावले. बुटांबद्दल बोललो नाही. त्याच ठेकेदाराकडं आमची आणखी सोळा पोरं होती.

मार्चमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. या वेळी पहिल्या रिंगला उचलला.

"सर, भरले नव्वद. आता येऊ का?"

ये म्हणालो. तिसरी स्लिप आली, फाइल पूर्ण झाली, हप्ता वेळेवर मिळाला. सेंटरच्या जिन्यात यशस्वी उमेदवारांचे फोटो आहेत, त्यात वरून दुसऱ्या ओळीत तो आहे, कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्ये. पाहुणे आले की मी त्या ओळीपाशी थांबत नाही. फोटो मात्र काढलेला नाही. काढला तर तिथं भिंतीवर डाग दिसेल, आणि आढाव्याला येणारा विचारेल.

तुम्ही म्हणाल, मग तूही ऊसतोडीला टोळ्या नेणारा मुकादमच. हे मला धारूरच्या एका म्हाताऱ्यानं तोंडावर म्हटलंय. मोबिलायझेशनला, म्हणजे बॅचसाठी पोरं गोळा करायला गावात गेलो होतो, माझं सगळं माहितीपत्रक त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुकादमबी पोरं नेतो, तुमीबी नेता. त्यो उचल तरी देतो." त्या वेळी मी चिडून बराच वेळ भाषण दिलं. मुकादम कोयता देतो, आम्ही सर्टिफिकेट देतो. मुकादमाकडं उचलीचे आगाऊ घेतलेले पैसे फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला बांधलेला, आमच्याकडचा पोरगा कधीही सुटा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण उचलीनं बहिणीचं लग्न होतं, घरावर पत्रे पडतात, आणि तेही आधी. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो मजुरांनी कोयता बंद ठेवून वाढवून घेतला. आमच्या योजनेच्या मूळ कागदात महिन्याच्या पगाराचा किमान आकडा सहा हजार लिहिलेला होता. तो वाढावा म्हणून काम बंद ठेवलेलं पोरगं मला अजून भेटायचंय. भेटलं तर मी काय करीन? पंधरा दिवसांपूर्वी चौथ्या आठवड्याचा तास झाला. ते वाक्य मी म्हणालो नाही. पण मुलाखतीत "काही अडचण आली तर काय कराल?" याचं उत्तर मात्र जुनंच पाठ करून घेतलं, कारण दुसरं उत्तर दिलं तर पोरगं निवडलं जात नाही.

मुलींचं वेगळं. त्या टिकतात. दवाखान्यातल्या कामाची बॅच केलेल्या पोरी संभाजीनगरला रात्रपाळ्या करून घरी पैसे पाठवतात आणि कुरकुर करत नाहीत. त्यांना परत आणतो तो बापाचा फोन, स्थळ आलंय म्हणून. त्यावर पंगतीत मला कधी कुणी विचारत नाही.

तो पोरगा आता हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो, दोन ट्रॉल्यांचा. लग्न झालं. गेल्या महिन्यात सेंटरवर आला, धाकट्या भावाला घेऊन. इलेक्ट्रिशियनच्या बॅचला घालायचं म्हणाला. मी त्याच्या पायाकडं बघितलं, साध्या चपला होत्या. जिन्यातून वर येताना त्यानं स्वतःचा फोटो बघितला असणार. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

भावानं फॉर्म भरला. बाहेरगावी नोकरीची तयारी आहे का, या प्रश्नापुढं मी विचारायच्या आतच "हो"वर खूण केली. पालकाची सही राहिली. आईवडील तोडीला गेलेले, म्हणून थोरल्यानंच केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मोबाइल नंबरच्या रकान्यात आधी भावाचा नंबर घातला. मग पेन न ठेवता त्याच्याखाली स्वतःचा लिहिला आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला.

"ह्याचा फोन आला तर उचला, सर."