ओमेन्स की डिनायल? डेकसाठी भिंत निवडताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळासाठी पांढरा-निळा कंट्रोल डेक, म्हणजे समोरच्याला रोखत खेळणारा कार्डांचा संच, बांधत होतो. सुरुवातीचे हल्ले थोपवायला एक भिंत, म्हणजे एरवी हल्ला न करता फक्त अडवणारं क्रीचर (लढणारं कार्ड), हवी होती आणि घोडं दोन कार्डांवर अडलं. २०१० ची 'वॉल ऑफ ओमेन्स': दोन मना (कार्ड खेळायचा खर्च), ०/४ (पॉवर म्हणजे मार शून्य, टफनेस म्हणजे सोसायची ताकद चार), उतरताच एक कार्ड ड्रॉ. आणि २००९ ची 'वॉल ऑफ डिनायल': तीन मना, ०/८, उडणाऱ्यांनाही अडवते, वर श्राउड, म्हणजे कुणीही तिला कार्डाचं टार्गेट करू शकत नाही. कागदावर डिनायलच भारी.

दोन्हींच्या प्रॉक्सी (खऱ्या कार्डांऐवजी वापरायच्या प्रती) छापल्या, जुन्या लँड कार्डांवर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवल्या आणि मित्राच्या लाल डेकसमोर बसलो. त्याचा 'गॉब्लिन गाइड' पहिल्याच टर्नला दोनचा फटका देतो. पहिली चाल त्याची असली, की डिनायल उतरेपर्यंत तीन हल्ले होऊन जातात. वीसातले सहा लाइफ तिथेच गेले. ओमेन्स एक टर्न आधी येते.

एका डावात गाइड आला, मी ओमेन्सने ब्लॉक केलं, त्याने वरून भिंतीवर तीनचा मार देणारा 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. दोन आणि तीन पाच, भिंत गेली. गाइडला ओरखडाही नाही, कारण भिंतीची पॉवर शून्य. पण माझं कार्ड आधीच हातात आलं होतं आणि माझ्या लाइफवर पडला असता तो बोल्ट भिंतीवर खर्ची पडला. असा सौदा मी कधीही करेन!

पुढे मीच सगळी क्रीचर मारणारं 'रॅथ ऑफ गॉड' टाकून टेबल साफ करायचो. ओमेन्स मेली तरी वसूल झालेली. डिनायल मेली की जीव चुटपुटायचा. शिवाय श्राउड मलाही आडवं येतं. 'एफेमरेट' या कार्डाने ओमेन्स टेबलावरून काढून लगेच परत उतरवून आणखी कार्डं काढता येतात, डिनायलला मी स्वतःही टार्गेट करू शकत नाही. समोर क्रीचरच नसले तर डिनायल नुसती उभी राहते.

तर मुख्य डेकमध्ये चार ओमेन्स, साइडबोर्डमध्ये (डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत) दोन डिनायल, मोठ्या उडणाऱ्या क्रीचरांसाठी. 'आर्केडीस, द स्ट्रॅटेजिस्ट' हे कार्ड खेळवणाऱ्यांनी मात्र माझं अजिबात ऐकू नये. त्यांच्याकडे भिंती हल्ला करतात, टफनेसइतका मार देतात आणि उतरताना कार्डही मिळतं. तिथे आठवाली डिनायलच आधी.