झाडूच्या दांड्याने सुरू होणारा पंखा

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची शाळा. मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते आणि महिन्यातला एक शनिवार आसपासच्या जिल्हा परिषद शाळांसाठी राखून ठेवते. मुलांना, त्यातही मुलींना, इंजिनिअर जवळून बघायला मिळावी एवढ्यासाठी. विज्ञान दिन तोंडावर होता. फळ्याशेजारी सी. व्ही. रामन यांचा हार घातलेला फोटो.

आठवीच्या वर्गाला मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगत होते. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८चा. पाच वर्षांनी, १९३३ साली, तेव्हाच्या कमला भागवत बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा तिथले संचालक असलेल्या याच रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर काम बघू, मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. काम चोख ठरले, आणि १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, त्या वर्षात त्यांचा एखादा प्रयोग फसला असता तर?"

इतकी वर्षे मी ही गोष्ट सांगते. हे कोणी विचारले नव्हते. मी म्हणाले, "मुलांना फसायची मुभा होती, त्यांना नव्हती. तो अन्यायच होता."

तेवढ्यात गेलेली लाइट आली. डोक्यावरचा पंखा नुसता घुमायला लागला, फिरेना. तीच मुलगी उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला, बाकावर चढली आणि दांड्याने पात्याला हलकेच ढकलले. पंखा सुरू. वर्गातल्या कोणी मान वर करूनही पाहिले नाही.

"रोज असंच करता?"

"हो. पण या बाजूनंच ढकलायचा. उलटा ढकलला तर उलटा फिरतो, वारा लागत नाही."

मी पुढचे भाषण तिथेच सोडले. तिने एकटीने, कोणी न सांगता, बंद पडलेल्या कपॅसिटरचे, म्हणजे पंख्याला सुरुवातीची दिशा देणाऱ्या छोट्या डबीचे, लक्षण नेमके टिपले होते. घरच्या विजेवर मोटारीतल्या तारेच्या एकाच गुंडाळीचे चुंबकीय बळ नुसते मागेपुढे होते; पंख्याला आधी कुठे वळायचे ते कळत नाही. दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह कपॅसिटर जरा पुढे सरकवतो आणि बळाला दिशा मिळते. हे मी फळ्यावर काढत होते, तर ती म्हणाली, "आईच्या पायमशीनसारखं! चाकाला हात दिला नाही तर नुसता पाय दाबून चालत नाही. उलटा हात दिला की दोरा तुटतो." याहून चांगला दाखला मला आजवर सुचला नव्हता.

शिपाईमामांनी गावातल्या दुकानातून अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, टेबलावर स्टूल ठेवले. मी वायरी जोडल्या. पेचकस आणि इन्सुलेशन टेप तिच्या हातात, स्टूल धरायला चौघी. बटण तिनेच दाबले. पंखा आपोआप फिरला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या.

मग खरे प्रश्न सुरू झाले. रात्रपाळी असते का? तेव्हा तुम्ही एकट्याच बाई असता का? घरचे काय म्हणतात? मी काही झाकून ठेवले नाही. पहिल्या वर्षी शॉपफ्लोअरवर मी एकटीच होते, आईला माझ्या रात्रपाळीत झोप लागायची नाही, आता आम्ही सहाजणी आहोत. फोटोतल्या माणसाला हे विचारता येत नाही, म्हणून तर शाळेत समोर जाऊन उभे राहायचे.

निघताना ती फाटकापर्यंत आली. जुना कपॅसिटर मुठीत होता.

"ताई, आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत असे दोन आहेत. दोन कशाला?"

"एक सुरू करायला, एक चालू ठेवायला. पण ती पेटी तू एकटीने उघडायची नाही."

"नाही उघडणार. पण मग सुरू झाल्यावर पहिल्याला बाजूला कोण करतं?"

बस समोर येऊन थांबली होती. मी पुढच्या बसने गेले.