मोर्गाँची लाल वाईन आणि मामांचा फवारणीचा प्रश्न

कमी ढवळाढवळ करून केलेली वाईन म्हणजे द्राक्षं टाकीत टाकायची आणि बाकी देवावर हवाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तर उलट वाटतं, ह्या वाईनला जास्तच राबावं लागतं, फक्त ते राबणं बागेत होतं. मावसभाऊ फ्रान्सहून येताना तिथले वाईन बनवणारे मार्सेल लापिएर यांच्या घरची मोर्गाँ ही लाल वाईन घेऊन आला आणि नेमके नारायणगावचे मामा पण कोथरूडला आमच्याकडेच होते, त्यांची स्वतःची द्राक्षबाग, खायच्या द्राक्षांची, त्यामुळे बाटली उघडायच्या आधीच तासभर गप्पा झाल्या.

मोर्गाँ म्हणजे लिआँ शहराच्या उत्तरेला बोजोले भागातलं ठिकाण, तिथलं द्राक्ष गामे जातीचं. लापिएरनी १९७३ मध्ये घरची बाग हातात घेतली, पुढे ज्यूल शोवे नावाच्या रसायन जाणणाऱ्या वाईन व्यापाऱ्याचं ऐकून रासायनिक फवारण्या आणि बाहेरचं यीस्ट सगळं सोडलं. २०१० मध्ये ते गेले, आता मुलं बघतात.

मामांचा पहिला प्रश्न, "फवारणी काय घेतात रे ते?" म्हटलं, तिकडे ऑरगॅनिकला बोर्डो चालतं, म्हणजे आपलं मोरचूद-चुनाच, आणि गंधक. पण मोरचूदातल्या तांब्यावर युरोपात मर्यादा आहे, ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो. मामा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एवढ्यात डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आवरायचा म्हणजे माणूस रोज बागेत पाहिजे. पानं विरळ करायची, हवा खेळती ठेवायची, दुसरा इलाज नाही."

हेच तर! कारण पुढे वाईनरीत सावरायला काही नसतं. द्राक्षाच्या सालीवर आणि वाईनरीत जे यीस्ट असतं तेच आंबवतं, त्यामुळे बुरशीनाशकांचा मारा करून चालत नाही, आणि वाईन टिकावी म्हणून तिच्यात घालतात ते सल्फर (सल्फाईट) वापरायचं नाही म्हणजे सडका माल आत गेला तर अख्खी टाकी बिघडू शकते. म्हणून घड हाताने तोडून निवडायचे. मामांना हे लगेच पटलं, एक्स्पोर्टच्या मालाचे खराब मणी कात्रीने काढताना त्यांनी आयुष्य घालवलंय.

घड न चिरडता अख्खेच टाकीत भरतात, खालचे वजनाने फुटतात, कार्बन डायऑक्साईड भरतो आणि वरच्या मण्यांच्या आतच आंबणं सुरू होतं. त्यामुळे फळाचा वास टिकतो, तुरटपणा कमी. युरोपात साध्या कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाईट चालतं, ऑरगॅनिकला १००, आणि हे लोक बाटलीत अगदी थोडं घालतात किंवा घालतच नाहीत. अगदी शून्य मात्र कुठल्याच वाईनमध्ये नसतं कारण यीस्ट स्वतःच थोडं बनवतं.

चवीचं सांगायचं तर उघडल्यावर वास जरा कोंडलेला होता, पंधरा-वीस मिनिटं ग्लासात राहू दिली आणि मग काय सुंदर खुलली! चेरी, रासबेरी, आणि मला तर पिकलेली करवंदंच आठवली, शेवटी जराशी मातीची झाक. भरल्या वांग्यांबरोबर प्यायलो आणि जमली, कारण तुरटपणा आणणारं टॅनिन जास्त असलं की तिखट अजूनच झोंबतं, इथे ते नाही. फक्त पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये अशी बाटली कपाटात ठेवू नका प्लीज, सल्फर कमी असल्यामुळे उन्हाळ्यात लवकर बिघडते, फ्रीजमध्येच ठेवा आणि गार असतानाच प्या.

आपल्याकडे असं कोणी करेल का, हा विषय निघालाच. मामा म्हणाले ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी आला की आठ दिवसांत बाग हातची जाते, तेव्हा औषध न मारता कोण थांबेल, कर्ज असतं डोक्यावर. खरंय ते. म्हणूनच जुन्नर-नाशिककडे एखादं कुटुंब हे करत असेल तर त्यांच्या बाटलीला मी दोन पैसे जास्त द्यायला एका पायावर तयार आहे, आणि मामा म्हणतात, मला एकदा त्या बागेत घेऊन जायचंच.