खाँसाहेबांच्या रेकॉर्डमधला ऐकू न येणारा तंबोरा

शनिवार रात्र, मिरज

दुपारपासनं कानात तंबोरा वाजतोय. तो आहे तोवर लिहून टाकतो, सोमवारी ऑफिसात बसलो की यातलं निम्मं गेलं म्हणून समजा. मिरासाहेबांच्या दर्ग्याचा उरुस चालूय, मी मामाकडं मुक्कामाला, आणि मामा रात्री अकरा वाजता माळ्यावरनं रेकॉर्डींची पेटी काढून बसलाय, मामी आतनं ओरडतीय की धूळ गादीवर झाडू नका.

पुण्यातल्या मित्रांना मी दरवर्षी सांगतो की पुण्यात सवाई महोत्सवाला गाणं ऐकायला येता ना, मग एकदा मिरजेला पण या, पण कुणी येत नाही. हसतात. त्यांना वाटतं गावाकडची जत्रा, त्यात कुठलं गाणं. आता हा सवाई ज्यांच्या नावानं 1953 पासनं चालतो ते सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, कुणाचे शिष्य? अब्दुल करीम खाँसाहेबांचे. आणि खाँसाहेब कुठं आहेत? इथं, दर्ग्याच्या आवारात. मूळचे उत्तरेकडचे, कैराण्याचे, घराण्याला किराणा नाव त्याच गावावरनं पडलं, पण माणूस फिरत फिरत मिरजेत आला आणि मिरजेचाच झाला. प्लेगात आजारी पडले, मिरासाहेबांच्या दारात बरे झाले आणि मग दर्ग्यात गाऊन हजेरी द्यायला लागले असं इथले लोक सांगतात. 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोइल नावाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. जाताना दरबारी गायले म्हणतात. तिथनं त्यांना मिरजेला आणलं. तेव्हापासनं उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते, मोठमोठे लोक इथं गाऊन गेलेत. आणि तिकीट नाही. सवाईच्या सीझन तिकिटासाठी मी जेवढी पळापळ करतो तेवढ्यात इथं माणूस पोटभर गाणं ऐकून, भडंग खाऊन घरी जातो.

गंमत म्हणजे या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा. मग बाकीचे. गाणारे हिंदू-मुसलमान सगळे, ऐकणारे तर विचारूच नका, माझ्या शेजारी काल एक म्हातारे बसलेले, टोपी-धोतर, हातात पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची जुडी, आणि तानेची सम आली की माझ्या मांडीवर थाप. ओळख ना पाळख. मांडी लाल झाली पण बोलायची सोय नाही, कारण थाप बरोब्बर समेवरच पडत होती.

आता कालचं गाणं. नाव घेत नाही, तरुण मुलगा आहे, धारवाडकडचा, अजून फार कुणाला माहीत नाही, होईल. पूरिया गायला. बाहेर पाळण्याचं जनरेटर घुंघुं करतंय, पोरं पिपाण्या वाजवतायत, कुठंतरी हरवलेल्या पोराची अनाउन्समेंट चाललीय, आणि हा डोळे मिटून निषादावर, म्हणजे ‘नी’वर उभा. पुढं सरकेचना. मागं पंधरा-वीस जण उठून गेले सुद्धा. पण जे बसले त्यांना कळलं की हा षड्जाला, म्हणजे ‘सा’ला जाणूनबुजून टाळतोय, आणि जेव्हा शेवटी तो लागला तेव्हा मांडवात जे ‘आहाहा’ झालं ना, ते कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये मावायचं नाही. (मोबाइलवर रेकॉर्ड करणारे चौघं पुढं बसलेले, त्यांच्या फायलीत आमच्या म्हाताऱ्यांची थाप आली असणार.)

एकच राग आला, साउंडवाल्याचा. पोरानं तंबोरे जुळवायला चांगला वेळ घेतला, मागं बसलेल्या दोघांकडनं परत परत खुंट्या पिळून घेतल्या, मणी सरकवले, आणि गाणं सुरू झाल्याबरोबर बोर्डावरच्या भाऊनं तंबोऱ्याचे माइक खाली ओढले आणि तबला वर. वर स्टेजवर कुणीतरी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा लावून ठेवलेला, तोच आपला सगळीकडं ऐकू येतोय. म्हणजे जिथं जगातले चांगल्यातले चांगले तंबोरे तयार होतात, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात हे. मामा तर उठून सांगायला निघालेला, मीच हात धरून खाली बसवला.

आणि यावरनंच आज सकाळी आमची चर्चा सुरू झाली. मामा म्हणला, अरे रेकॉर्डीवर तरी कुठं ऐकू येतो तंबोरा.

खरंय की. मी खाँसाहेबांच्या रेकॉर्डी कॉलेजपासनं ऐकतोय, आधी कॅसेट, मग सीडी, आता मोबाइल, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. 1930 च्या दशकातल्या त्या ओडियन कंपनीच्या रेकॉर्डी, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. पेटी ऐकू येते, तबला टिकटिक ऐकू येतो, सगळ्याच्या वर खाँसाहेबांचा तो बारीक, सरळ, जखमेसारखा आवाज, आणि तंबोरा? खरखरीच्या मागं कुठंतरी असेल तर असेल. किराण्याची सगळी इस्टेट म्हणजे स्वर, एकेक स्वर तंबोऱ्यात बुडवून काढायचा, आणि नेमका तोच नाही! स्वतः खाँसाहेब तर वाद्यांच्या दुरुस्तीत पण वाकबगार होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर, आणि क्लेमंट्स नावाचा आयसीएस साहेब, हे दोघं सप्तकातल्या बावीस श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागांचा हिशोब मांडत होते तेव्हा गाऊन दाखवायला खाँसाहेब. कुत्रं पण स्वरात गायला शिकवलेलं म्हणतात, टिपू मियाँ नावाचं. अशा माणसाच्या गाण्यातनं तंबोराच गायब म्हणजे काय.

तरी त्या तीन मिनिटांत केवढं आहे! ‘पिया बिन नहीं आवत चैन’ घ्या, राग झिंझोटी. हीच रेकॉर्ड दुकानात ऐकून छोट्या भीमसेन जोशींना घर सोडायचं वेड लागलं ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात आवडते ती ‘पिया’ची हाक. प्रत्येक वेळी वेगळी. एकदा नुसती, एकदा जरा लाडानं, आणि शेवटाकडं एकदा अशी की माणूस दारात येऊन परत गेलाय. ‘जमुना के तीर’ भैरवी तर मी गाडी चालवताना लावत नाही. मामाचं म्हणणं वेगळंय, त्याला वसंत प्यारा, ‘फगवा ब्रिज देखन को’, म्हणतो भैरवीत रडवणं सोपं, वसंतात रडवून दाखव.

हल्ली या रेकॉर्डी ‘स्वच्छ’ करून मिळतात. मी एक सेट घेतलेला, कंपनीचं नाव कशाला लिहू, खरखर काढायच्या नादात आवाजाची धारच काढून टाकलेली, खाँसाहेब उशीत तोंड घालून गातायत असं वाटतं. त्यापेक्षा मामाची चरा पडलेली बरी. आणि स्पीडची भानगड वेगळीच. माझ्याकडं ‘जमुना के तीर’च्या दोन कॉप्या आहेत, दोन्हीत जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. मग खाँसाहेबांची खरी पट्टी, म्हणजे त्यांचा ‘सा’ कुठला? वरच्या कॉपीतला की खालच्या? यावर आमचं नाश्त्याला भांडण झालं, पोहे गार झाले, शेवटी मामा म्हणला चल सतारमेकर गल्लीत, चाचांना विचारू.

चाचा म्हणजे मामाच्या ओळखीचे कारागीर. घराणं शिकलगारांचं, पूर्वीचा धंदा हत्यारांना धार लावायचा, तलवारी गेल्या आणि फरीदसाहेबांनी सतारी करायला घेतल्या, त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. वर आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, वाळून खडखडीत. खाली तुणीच्या लाकडाचा भुसा, सरसाचा वास, कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह. चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसलेले. मामानं सगळी केस मांडली. चाचांनी मान पण वर केली नाही. म्हणाले, “लावा तुमची रेकॉर्ड. पट्टी काय, तार सांगंल की.”

मी मोबाइलवर आधी वरची कॉपी लावली. चाचांनी दोन वेळा ऐकली. मग भिंतीला टेकवलेला एक तंबोरा पुढं ओढला, जनानी साईजचा, बायकांच्या चढ्या आवाजासाठी असतो तो. म्हणाले, पुरुषी आवाजाच्या मर्दानीची लांबी जास्त, या चढ्या पट्टीला तारा टाकतील जीव. खुंट्या पिळल्या, जोडीच्या तारा षड्जात आणल्या, पंचम लावला, खर्जाची पितळी तार सगळ्यात शेवटी. आवाज आपला साधाच, टण्ण टण्ण. मग त्यांनी खिशातनं सुती दोऱ्याचं एक बोटभर टोक काढलं, दाताखाली ओढलं, आणि घोडी आणि तार यांच्या मधनं सरकवलं. तार छेडायची आणि दोरा केसभर पुढं. परत छेडायची, केसभर मागं. आणि एका जागी, मी बघत होतो, हातानं काहीच वेगळं केलं नाही, त्या एका जागी तार एकदम उघडली. जवारी लागली, म्हणजे तारेला ती गुंजणारी झिणझिण आली. तोवर एक स्वर होता, आता त्यात गंधार पण बोलतोय, वर आणखी काय काय झिणझिणतंय. चौघी तारांना असंच. मामा नुसता हूं हूं करत होता.

“आता लावा.”

लावली भैरवी. खाँसाहेब मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधनं गायला लागले आणि चाचा शेजारी तंबोरा धरून बसले, चार तारा एकामागनं एक, गाण्याकडं लक्षच नसल्यासारखं. मला काय झालं ते कसं लिहू. जो आवाज मी इतकी वर्षं बारीक, एकटा, लांबनं येणारा म्हणून ऐकत होतो, तो एकदम खोलीत आला. कोमल रिषभावर ते येतात ना, मोबाइलवर ऐकताना मला ती जागा नेहमी जरा जास्तच खाली वाटायची, रेकॉर्डिंगचा दोष असेल म्हणून मी सोडून द्यायचो. दोष कसला! षड्ज शेजारी वाजत असताना ऐकलं तर तो रिषभ त्याला असा घासून बसतो की अंगावर काटा. ते गातच होते तंबोऱ्याला धरून, फक्त रेकॉर्डीनं आपल्यापर्यंत अर्धंच पोचवलं. बाहेर रिक्षा कोकलतीय, शेजारच्या दुकानात कुणीतरी सतारीच्या पडद्यांना दोरा बांधत बडबडतोय, आणि आम्ही तिघं त्या भुशात.

मग खालची कॉपी. चाचांनी तारा उतरवल्या, परत सगळा खेळ, परत जवारी, कारण तार ढिली झाली की दोऱ्याची जागा पण बदलते. कंटाळा नाही माणसाला. ऐकली. आणि इथं गडबड झाली, मला खालचीच जास्त आवडली. तान जरा दमानं येते, शब्द सुटे ऐकू येतात. मामा म्हणला अरे हा खाँसाहेब नाहीच, हा थकलेला माणूस गातोय, त्यांच्या आवाजात तो चढा काच पाहिजेच. मी म्हणलं तुला सवय आहे त्या स्पीडची म्हणून. तो म्हणला तुला किराणा कळतच नाही, तू आपला सवाईला कुपन घेऊन वडापाव खा. आता हे अती झालं. मी चाचांकडं बघितलं, की तुम्ही सांगा खरी कुठली. चाचा म्हणाले, दोन्हीला तंबोरा लागला ना? मग झालं. हे काय उत्तर झालं!

मामा आता तिसरा पुरावा काढायच्या मागं आहे. खाँसाहेबांनी कर्नाटकी पण गायलंय, त्यागराजांची ‘राम नी समानमेवरु’ रेकॉर्ड आहे त्यांची, खरहरप्रिया रागातली. मामाचं लॉजिक असं की ती आणि भैरवी एकाच काळातल्या, माणूस काय रेकॉर्डीगणिक पट्टी बदलत नाही, तेव्हा ती मूळ तबकडी लावायची, 78 ला मशीन नीट आहे का ते मोजायचं, आणि षड्ज काढायचा. लॉजिकला भोकं आहेत, त्या काळात स्टुडिओतलं मशीन किती फेऱ्यांनी फिरत होतं हे आता कुणी सांगावं, पण मी गप्प बसलो, कारण ती तबकडी ऐकायला मिळत असेल तर भोकं का दाखवू.

चाचांकडं आणखी बसलो असतो, पण कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक सतार न्यायला आलं आणि आम्हाला स्टुलावरनं उठवलं. निघताना मी त्या जनानी तंबोऱ्याची किंमत विचारली. चाचांनी सांगितली. मामानं माझ्याकडं बघितलं, मी मोबाइलमध्ये बघितलं. फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठं हा प्रश्न तर त्याच्या पुढचा, बायको म्हणेल आधी तुझी ती स्पीकरची खोकी काढ. चाचा म्हणाले, राहू द्या, नवरात्राला अंबाबाईच्या देवळात गाणं असतं तेव्हा येताय ना, तोवर दुसरा भोपळा बघून ठेवतो, हा तसा पण पुण्याच्या एका बाईंनी सांगून ठेवलाय.

तबकडी सापडली वाटतं. मामा फडकं मागतोय.