केसपेपरवरची ती एक ओळ

माझा उजवा गुडघा अडकला तो वेताळ टेकडीवरून उतरताना. सुट्या मुरमावर पाऊल घसरले, ते एका खाचेत रुतले आणि शरीर मात्र वळले. त्यानंतर गुडघा ना सरळ होईना, ना पुरता वाकेना. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये कूर्चेच्या ज्या दोन गाद्या, म्हणजे मेनिस्कस, असतात, त्यांपैकी आतल्या बाजूची फाटून तिचा सुटलेला भाग सांध्यात अडकल्याचे एमआरआयमध्ये दिसले. दुर्बिणीतून ती शिवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि उत्तम झाली. माझी तक्रार केसपेपरवरच्या एका ओळीविषयी आहे.

पहिल्या तपासणीत एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "याआधी कधी गुडघा दुखला होता का?" धावणाऱ्याला हे विचारणे म्हणजे कोळ्याला कधी भिजलात का, असे विचारण्यासारखे आहे. सिंहगड उतरताना वाटीच्या मागे दोनेक वर्षे मधूनमधून दुखते, असे मी सरळपणे सांगितले. त्यांनी लिहिले, "गुडघेदुखी, 2 वर्षे". घसरल्याचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि मी तो कागद न वाचता घडी घालून पर्समध्ये ठेवला.

माझी आरोग्य विमा पॉलिसी तेव्हा 14 महिन्यांची होती. सांध्यांच्या ठरावीक आजारांसाठी तिच्यात 24 महिन्यांची प्रतीक्षा होती, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळणार नव्हता. मात्र अपघाताने झालेल्या इजेला ही अट लागू नाही, हेही त्याच कलमात छापलेले होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी कॅशलेस नाकारल्याचा निरोप आला. पैसे आम्ही भरले आणि नंतर परताव्याचा दावा दाखल केला, तिथून खरी फरफट सुरू झाली. आधी दुखणे केव्हापासूनचे आहे याचे प्रमाणपत्र मागितले. ती ओळ लिहिणारे डॉक्टर तोवर नोकरी सोडून गेले होते. शल्यचिकित्सकांचे पत्र दिले, तर त्यावर नोंदणी क्रमांक नाही म्हणून परत आले. तो घालून दिला, तर एमआरआयच्या अहवालात "सौम्य झीज" असे आहे, त्याचा खुलासा हवा! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या गुडघ्यातही अशी झीज दिसू शकते, हे त्यांच्या डॉक्टरांना मी सांगायचे होते. एका वेळी एकच शंका येई, तिचे उत्तर पोचले की पुढची निघे, आणि फोनवर दर वेळी नवा आवाज तेच वाक्य म्हणे, "मॅडम, केस प्रोसेसमध्ये आहे." कुबड्या भिंतीला टेकवून, पाय स्टुलावर ठेवून मी तेच कागद किती वेळा स्कॅन केले याची मोजदाद मी सोडून दिली.

अखेर उपयोगी पडले ते शल्यचिकित्सकांचे दुसरे पत्र. वाटीमागचे जुने दुखणे आणि पिळवटून फाटलेली गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी चार ओळींत लिहिले. ते पत्र आणि पॉलिसीचे कलम जोडून मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाईन, असे शेवटी नमूद केले. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे मला आधीच कळले असते तर बरे झाले असते. 26व्या दिवशी दावा मंजूर झाला. कुबड्यांचे पैसे तेवढे कापले.

व्यायामाचे सांगायचे राहिले. सहा आठवडे कुबड्या आणि चार महिने उकिडवे बसायचे नाही, एवढे पथ्य मला होते. शिवण्याऐवजी फाटलेला तुकडा काढला असेल तर हिशेब वेगळा असतो, त्यामुळे माझे वेळापत्रक कोणी उचलू नये. मांडीच्या पुढच्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंचे व्यायाम अतिशय कंटाळवाणे असतात, पण माझे जुने वाटीचे दुखणेही त्यांनीच कमी केले. पाचव्या महिन्यात सपाट मातीवर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सुरू केले. आता पावले आखूड आणि भरभर टाकते. उतार मात्र चालतच उतरते, मागून येणारे पुढे गेले तरी.

मागच्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा नव्या डॉक्टरांनी काही त्रास आहे का, असे विचारले. मी सांगितले, त्यांनी लिहिले, आणि कागद माझ्याकडे वळवून वाचायला द्यायची विनंती मी केली. त्यांनी डावा गुडघा लिहिला होता.